भयकथेंतील शास्त्रज्ञ : खलपुरुष कीं शोकनायक?

चौतीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. त्या काळांत एक उपदेश माझ्या तोंडून किती वेळां बाहेर पडला असेल, याची गणती नाहीं. "ध्यास घ्या, तहानभूक विसरून कामाला लागा, हातीं घेतलेलें तडीस न्या," हा तो उपदेश. शनिवारीं शेवटच्या तासाला मात्र पुस्तकें बाजूला ठेवून मी मुलांना एखादी गोष्ट सांगत असें. अशाच एका शनिवारीं मेरी शेली या इंग्रज लेखिकेच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीची गोष्ट मीं सांगितली. गोष्ट संपली, वर्ग चिडीचूप झाला, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही जें करायला सांगतां तेंच तर त्यानें केलें. ध्यास घेतला, तहानभूक विसरला, काम तडीस नेलें. मग त्याचें चुकलें कोठें?"

मीं त्या वेळीं एक ठरीव उत्तर दिलें. माणसानें देवाच्या कामांत ढवळाढवळ करूं नये, असें कांहींसें मी म्हणालों. इतक्यांत घंटा झाली आणि माझी सुटका झाली. परंतु त्या मुलाचें समाधान झालें नव्हतें, आणि खरें सांगायचें तर माझेंहि झालें नव्हतें. कारण आदल्याच तासाला, त्याच वर्गांत, देवीच्या लसीचा शोध मीं मोठ्या कौतुकानें शिकविला होता! रोगाशीं झगडणें ही ढवळाढवळ नव्हे, आणि जीवनाचें रहस्य शोधणें मात्र ढवळाढवळ, असा भेद कोणत्या आधारावर करावयाचा? त्या मुलाला मी एक उत्तर देणें लागतों. आज तें देण्याचा प्रयत्न करणार आहें.

विज्ञान आणि भय यांचा मेळ घालणाऱ्या कथांची परंपरा आतां दोनशें वर्षांहून जुनी झाली आहे. त्या कथांतील शास्त्रज्ञ म्हटला कीं विस्कटलेले केस, तारवटलेले डोळे, फसफसणाऱ्या नळ्या आणि खदखदून हसणें असें एक चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र चित्रपटांनीं रुळविलें आणि तें खलपुरुषाचें आहे. परंतु या परंपरेंतील ज्या थोड्या कृती टिकल्या, त्यांतील शास्त्रज्ञ बहुधा खलपुरुष नाहींत. ते शोकनायक आहेत, आणि म्हणूनच त्या कथा अजून वाचवतात.

हा भेद आपणांस नवा नाहीं. हाताबाहेर गेलेल्या कोणत्याहि गोष्टीला आपण भस्मासुर म्हणतों. परंतु भस्मासुरानें स्वतःच्या मस्तकावर हात ठेवला, तेव्हां कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. सुटलों एकदांचे, असेंच वाटतें. उलट १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकांतील सुधाकर पाहा. तो बुद्धिमान आहे, मानी आहे, पत्नीवर त्याचें प्रेम आहे. त्याचा नाश होतो तो दुष्टपणामुळें नव्हे, तर त्याच्या मानी स्वभावाला लागलेल्या एका ठेंचेमुळें आणि तीतून उचललेल्या एका प्याल्यामुळें. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें शोकनाट्याच्या नायकाचें लक्षण असेंच सांगितलें आहे : तो अगदीं साधुहि नसावा व अगदीं दुर्जनहि नसावा, कांहीं मोठ्या प्रमादामुळें त्याचा अधःपात व्हावा, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत करुणा आणि भीति या दोन्ही भावना एकदमच उत्पन्न होतात. ही मोजपट्टी हातीं घेऊन आपण चार शास्त्रज्ञांची विचारपूस करूं.

पहिला अर्थात् व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन. या कथेचा जन्महि मोठा चमत्कारिक आहे. १८१५ सालीं इंडोनेशियांतील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायु आकाशांत पसरून पुढील वर्षीं युरोपांत उन्हाळा असा झालाच नाहीं. १८१६ च्या त्या पावसाळी दिवसांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं कवि बायरन, कवि शेली, मेरी आणि कांहीं स्नेही घरांत अडकून पडले होते. प्रत्येकानें एक भुताची गोष्ट लिहावी, असें बायरननें सुचविलें. मेरी त्या वेळीं अवघी अठरा वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली होती, आणि आदल्याच वर्षीं तिचें स्वतःचें पहिलें मूलहि दगावलें होतें. मृत शरीरांत प्राण परत यावा, ही कल्पना तिच्या मनांत केवळ कुतूहल म्हणून आली नसावी. शिवाय त्या काळच्या शास्त्रांतहि तिला आधार होता. गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञानें मेलेल्या बेडकाचे पाय विजेनें हालतात असें दाखविलें होतें, आणि त्याचा भाचा आल्दिनी यानें १८०३ सालीं लंडनमध्यें फांशीं दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर तोच प्रयोग लोकांसमोर केला होता. १८१८ सालीं कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हां तिच्यावर लेखिकेचें नांवहि नव्हतें.

व्हिक्टर हा जिनीव्हाच्या सुखवस्तु घराण्यांतील, आईबापांचा लाडका मुलगा. आईच्या मृत्यूनंतर तो शिकण्यासाठीं इंगोल्स्टाटच्या विद्यापीठांत जातो आणि जीवनाचें रहस्य शोधून काढण्याच्या मागें लागतो. हेतु वाईट नाहीं. परंतु घराच्या वरच्या मजल्यावरील एकांतांतल्या खोलींत त्याचें काम चालूं होतें आणि दोन वर्षें जवळजवळ कोणाशीं बोलणें नाहीं, ऋतु आले गेले त्याची शुद्ध नाहीं, घरून येणाऱ्या पत्रांना उत्तर नाहीं. एक बारीकसा तपशील येथें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्यानें निर्माण केलेला प्राणी आठ फूट उंच कां? तर लहान अवयव जुळवावयास फार वेळ लागूं लागला, म्हणून यानें मापच मोठें धरलें. ज्या अजस्र देहाला पुढें सारें जग भ्यालें, तो देह शास्त्राची गरज म्हणून नव्हे, तर करणाऱ्याच्या उतावीळपणामुळें तसा झाला!

नोव्हेंबरांतल्या एका रात्रीं तो प्राणी डोळे उघडतो. आणि व्हिक्टर काय करतो? तो पळून जातो. पुन्हां तो प्राणी त्याच्या बिछान्याजवळ येऊन उभा राहतो, हात पुढें करतो. हा पुन्हां पळतो. जन्मलेल्या जीवाला तो नांवदेखील देत नाहीं. पुढें तो प्राणी एका गरीब कुटुंबाच्या झोपडीशेजारीं लपून राहून बोलावयास शिकतो, वाचावयास शिकतो, माणसांच्या प्रेमासाठीं तळमळतो. आणि सगळीकडून दगडधोंडे मिळाल्यावर सूड घेऊं लागतो. त्याच्या हातून व्हिक्टरचा धाकटा भाऊ मारला जातो, आणि त्या खुनाबद्दल जस्टीन नांवाची घरांतलीच एक निरपराध मुलगी फांशीं जाते. खरा खुनी कोण हें व्हिक्टर ओळखून आहे. परंतु लोक आपल्याला वेडा म्हणतील म्हणून तो गप्प बसतो. त्यानंतर मित्र जातो, लग्नाच्याच रात्रीं पत्नी जाते आणि त्या धक्क्यानें वृद्ध बाप जातो.

आतां त्या मुलाचा प्रश्न पुन्हां विचारा. व्हिक्टरचें चुकलें कोठें? लेखिकेनें उत्तर त्याच्याच तोंडीं घातलें आहे. ज्या अभ्यासानें आपल्या माणसांविषयींचा जिव्हाळा सुकूं लागतो, तो अभ्यास माणसाला योग्य नव्हे, अशा अर्थाचे उद्गार तो पुढें काढतो. त्याचा प्रमाद जाणण्यांत नाहीं. लपवून करण्यांत आहे, आणि केल्यावर पाठ फिरविण्यांत आहे. १९३१ सालच्या प्रसिद्ध चित्रपटानें याच मर्मावर घाव घातला. तेथें शास्त्रज्ञाचा मदतनीस चुकून एका गुन्हेगाराचा विकृत मेंदू आणतो, आणि दोष मेंदूवर जातो. शेवटीं शास्त्रज्ञ जिवंत राहतो व त्याच्या वंशवृद्धीसाठीं शुभचिंतनहि होतें. बोरिस कार्लोफनें रंगविलेला तो मुका प्राणी अविस्मरणीय आहे खरा. परंतु निर्मात्याची शोकांतिका त्यांत उरली नाहीं.

दुसरा डॉक्टर जेकिल. स्टीव्हन्सनची ही लहानशी कादंबरी १८८६ सालची. लंडनमधील हा प्रतिष्ठित गृहस्थ स्वतःमधील सज्जन आणि दुर्जन यांना वेगळे करणारें एक औषध शोधून काढतो. औषधाचा पेला घेतला कीं जेकिलचा हाइड होतो. पुन्हां घेतला कीं हाइडचा जेकिल. मला वाटेल त्या क्षणीं मी हाइडला सोडून देऊं शकतों, अशी त्याची खात्री असते. श्रोतेहो, 'एकच प्याला' पाहिलेल्या माणसाला या खात्रीची किंमत सांगावयास नको! एके दिवशीं तो जेकिल म्हणून झोंपतो आणि पेल्याला स्पर्शहि केलेला नसतां हाइड होऊन जागा होतो.

परंतु या कथेंतील सर्वांत शास्त्रीय आणि सर्वांत करुण गोष्ट शेवटीं येते. औषधांतला एक क्षार संपत येतो. नवा आणविला तर गुण येत नाहीं. नोकर लंडनमधील औषधांचीं दुकानें पालथीं घालतो. प्रत्येक नमुना जेकिल अशुद्ध म्हणून परत करतो. अखेरीस त्याच्या ध्यानांत येतें कीं अशुद्ध होता तो पहिलाच सांठा, आणि त्या अज्ञात अशुद्धतेमुळेंच औषधाला गुण आला होता. म्हणजे आपण काय शोधून काढलें, हें शोधणाऱ्यालाच कधीं कळलें नव्हतें! चार सहकाऱ्यांनीं तो प्रयोग करून पाहिला असता, तर हें पहिल्याच महिन्यांत उघड झालें असतें. पण ज्या डॉक्टर लॅनियनशीं त्याची जुनी मैत्री होती, त्याच्याशीं शास्त्रीय मतभेदावरून त्यानें दहा वर्षांपूर्वींच दुरावा केला होता.

तिसरा ग्रिफिन. एच्. जी. वेल्सची 'अदृश्य मनुष्य' ही कादंबरी १८९७ सालची. ग्रिफिनचा विचार मोठा तर्कशुद्ध आहे. कांचेचा चुरा हवेंत पांढरा दिसतो, परंतु पाण्यांत टाकला कीं जवळजवळ दिसेनासा होतो. कारण कांच आणि पाणी यांतून जातांना प्रकाश फारसा वांकत नाहीं. मग मनुष्याच्या शरीराचा हा गुण हवेइतकाच केला, तर? आपला शोध वरिष्ठ प्राध्यापक लाटील या भयानें तो सारें गुप्त ठेवतो. पैसे संपतात, तेव्हां तो बापाचे पैसे चोरतो. ते पैसे बापाचे नसून दुसऱ्याचे होते. बाप स्वतःवर गोळी झाडून घेतो, आणि त्याच्या अंत्ययात्रेंत चालतांनाहि ग्रिफिनला दुःख होत नाहीं. त्याचें मन प्रयोगशाळेंत असतें.

अदृश्य झाल्यावर त्याला काय मिळतें? कपडे घातले तर अदृश्यपणा जातो. न घातले तर लंडनच्या थंडींत कुडकुडावें लागतें. कुत्र्यांना वास येतो. चिखलांत पावलें उमटतात. खाल्लेलें अन्न पचेपर्यंत पोटांत दिसतें. शेवटीं तो दहशतीचें राज्य स्थापण्याच्या गोष्टी बोलूं लागतो आणि गांवकऱ्यांच्या हातून मारला जातो. मेल्यावर त्याचें शरीर हळूहळू दिसूं लागतें. आणि त्याच्या टिपणवह्या एका खानावळवाल्याच्या हातीं पडतात, ज्याला त्यांतलें अक्षरहि उमगत नाहीं. माझ्या मोजपट्टीनें ग्रिफिन हा शोकनायकाच्या अगदीं कडेवर उभा आहे. त्याची भीति वाटते, पण करुणा फारशी वाटत नाहीं. १९३३ च्या चित्रपटानें औषधामुळें त्याला वेड लागतें असें दाखविलें, आणि दोष पुन्हां एकदां बाटलींत भरला. वेल्सचा ग्रिफिन औषध घेण्यापूर्वींच माणसांतून उठला होता.

येथपर्यंतच्या कथा सव्वाशें वर्षांहून जुन्या झाल्या. ही परंपरा अजून जिवंत आहे, हें दाखविण्यासाठीं चौथा शास्त्रज्ञ आपल्या आयुष्यांतला घेतों. जॉर्ज लँगेलान याची 'माशी' ही कथा १९५७ सालीं प्रसिद्ध झाली. १९५८ मध्यें तिच्यावर एक चित्रपट निघाला, आणि १९८६ मध्यें डेव्हिड क्रोनेनबर्ग या दिग्दर्शकानें त्याच कल्पनेवर दुसरा काढला. त्यांतील सेथ ब्रंडल हा लाजाळू, एकलकोंडा, परंतु मनानें प्रेमळ तरुण आहे. एका कोठडींतील वस्तु विरघळवून दुसऱ्या कोठडींत जशीच्या तशी उभी करणारें यंत्र त्यानें बनविलें आहे. निर्जीव वस्तु सुखरूप पोंचतात. पण पहिलें माकड भीषण रीतीनें मरतें. दुसरें सुखरूप पोंचतें. त्याची वैद्यकीय तपासणी होईपर्यंत थांबावयाचें, असें सेथचें ठरलेलें असतें. परंतु त्याच रात्रीं प्रेयसीविषयीं मनांत संशय येतो, मद्य पोटांत जातें, आणि तो एकटाच कोठडींत शिरतो. त्याच्याबरोबर एक माशीहि शिरते. यंत्र दोन जीवांचा एक जीव करून टाकतें.

पुढचा चित्रपट पाहणें सोपें नाहीं. शरीर दिवसेंदिवस गळत जातें. आणि सेथ गळून पडलेले अवयव औषधाच्या कपाटांत नमुने म्हणून मांडून ठेवतो. माणूस संपत आला तरी त्याच्यांतला निरीक्षक संपत नाहीं. येथें शास्त्रज्ञ स्वतःच प्रयोगांतलें जनावर झाला आहे. माझ्या हातून तुला इजा होईल, तूं निघून जा, असें तो प्रेयसीला सांगतो. आणि अगदीं अखेरीस, बोलण्याची शक्तीहि गेल्यावर, तिच्या हातांतल्या बंदुकीची नळी तो आपल्या कपाळाला लावून घेतो. भीति आणि करुणा एकाच क्षणीं म्हणजे काय, हें ॲरिस्टॉटलला याहून स्पष्ट दाखवितां आलें नसतें.

चौघांच्या कथा आतां शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. चौघेहि बुद्धिमान आहेत, चौघेहि कष्टाळू आहेत. हे गुण नसते तर त्यांच्या हातून कांहींच घडलें नसतें; म्हणजे ज्या गुणानें ते वर चढले, त्याच गुणानें ते पडले. आणि चौघांच्याहि आयुष्यांत एक क्षण असा येतो कीं त्या वेळीं जवळ एक माणूस असता, "आज नको, उद्यां पाहूं," एवढेंच म्हणणारा, तर पुढचें टळलें असतें. तो माणूस तेथें नसतो, कारण त्याला यांनींच दूर केलेलें असतें. या कथांतलें खरें भय राक्षसाचें नाहीं. दार आंतून लावून घेतलेल्या खोलीचें आहे.

हें केवळ कथांतच घडतें असेंहि नव्हे. २०१८ सालीं चीनमधील एका शास्त्रज्ञानें मानवी गर्भांच्या आनुवंशिक द्रव्यांत गुप्तपणें फेरफार केल्याचें व त्यांतून दोन जुळ्या मुली जन्मल्याचें जाहीर केलें. सर्व जगांतल्या शास्त्रज्ञांनीं त्याचा धिक्कार केला, आणि २०१९ मध्यें त्याला तीन वर्षांची कैद झाली. याच्या उलट उदाहरणहि आहे. एका जीवाचें आनुवंशिक द्रव्य दुसऱ्यांत जोडण्याची युक्ति जेव्हां नवी होती, तेव्हां १९७४ सालीं पॉल बर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं, कांहीं प्रयोग आपण सर्वांनीं तूर्त थांबवावे, असें स्वतः होऊन आवाहन केलें. १९७५ च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील असिलोमार येथें शास्त्रज्ञ एकत्र जमले, धोके मोजले, नियम ठरविले आणि मग पुढें गेले. थांबल्यामुळें ज्ञान बुडालें नाहीं. त्याच विद्येंतून जंतूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यांत आलें, १९८२ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली, आणि आज मधुमेह असलेल्या कितीतरी घरांत तें पोंचलें आहे.

आणि मेरी शेलीनें हें उत्तर आपल्या कादंबरींतच ठेवलेलें होतें. ती सांगतांना आपण बहुधा तें गाळतों. मींहि त्या शनिवारीं गाळलें होतें. व्हिक्टरची सारी हकीकत आपल्याला कळते ती वॉल्टन नांवाच्या एका तरुण दर्यावर्द्याच्या पत्रांतून. त्यालाहि ध्यास आहे, उत्तर ध्रुवाकडे जाण्याचा. त्याचें जहाज बर्फांत अडकलें आहे, आणि तेथेंच मरणोन्मुख व्हिक्टर त्याला भेटतो. बर्फ फुटलें तर आम्हांला माघारीं न्या, असें खलाशी म्हणतात. व्हिक्टर त्यांनाच भेकड ठरवितो; एवढें सोसूनहि त्याची खोड गेलेली नाहीं! मरतांना तो महत्त्वाकांक्षेपासून दूर राहा असेंहि सांगतो, आणि माझें फसलें तें कदाचित् दुसऱ्याला साधेल असेंहि म्हणतो. परंतु वॉल्टन काय करतो? मनांतून हळहळत, चरफडत, तो खलाशांचें ऐकतो आणि जहाज वळवितो. तोहि ध्यासवेडा आहे. परंतु तो बहिणीला नेमानें पत्रें लिहितो, आणि ज्यांचे जीव आपल्या ध्यासापायीं पणाला लागले आहेत, त्यांचें म्हणणें त्याला ऐकूं येतें. कादंबरींतला हा दुसरा ध्यासवेडा घरीं परत जातो.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडेल कीं नाहीं, कोण जाणे. परंतु पडलेंच, तर माझें उत्तर असें आहे : बाळ, व्हिक्टरनें ध्यास घेतला हें चुकलें नाहीं. घरच्या पत्रांना उत्तर दिलें नाहीं, हें चुकलें. आणि जें जन्माला घातलें त्याचा हात धरला नाहीं, हें चुकलें. तहानभूक विसर, असें मीं तुम्हां मुलांना चौतीस वर्षें सांगितलें. माणसें विसरूं नका, हें मात्र त्याच दमांत सांगावयाचें माझ्याकडून राहून गेलें. ती चूक माझी होती, आणि ती दाखवून दिल्याबद्दल मी तुझा ऋणी आहें.